मसल कारमधला व्हील हॉप: मागच्या सस्पेन्शनचे कोणते भाग बदलावेत आणि कोणत्या क्रमाने

मोठ्या इंजिनाच्या आणि मागच्या चाकांना जोर देणाऱ्या ताकदवान अमेरिकी गाडीला मसल कार म्हणतात. अशा गाडीच्या मागच्या चाकांवर एकदम जोर आला की काही गाड्या सरळ पुढे झेपावत नाहीत. त्यांची मागची बाजू जागच्या जागी थडथडू लागते. सेकंदाला साधारण दहाच्या आसपास वेळा चाक रस्ता पकडते आणि सोडते, गाडीच्या बुडातून धाडधाड आवाज येतो, आणि रस्त्यावर टायरची सलग काळी रेघ उमटण्याऐवजी तुटक पट्टे उमटतात. या दोषाला व्हील हॉप म्हणतात. २०१६ साली फोर्डने मस्टँग जीटी भारतात अधिकृतपणे विकायला घेतली, तेव्हापासून ठाणे आणि नवी मुंबईतही हा प्रश्न केवळ परदेशी मासिकांतून वाचण्याचा राहिलेला नाही. घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा पाम बीचलगतच्या एखाद्या सोसायटीच्या पोडियम पार्किंगमध्ये अशी गाडी आच्छादनाखाली उभी दिसते, आणि तिच्या मालकापुढे आज ना उद्या हा प्रश्न येतोच की नेमका कोणता भाग बदलावा.

बाजारात याचे उत्तर बहुधा एखाद्या तयार संचाच्या रूपात मिळते: आर्म (चाक गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे दांडे), बुश (त्यांच्या सांध्यांतले रबरी नळे), ब्रॅकेट आणि शॉकॲब्सॉर्बर एकाच खोक्यात. मला ही पद्धत पटत नाही. हा दोष सगळ्या गाड्यांत सारखा दिसत असला, तरी तो प्रत्येक रचनेत वेगळ्या ठिकाणी जन्म घेतो. त्यामुळे आपल्या गाडीत ताण कुठे साठतो हे कळल्याशिवाय घेतलेला महागडा भागही अनेकदा केवळ आवाज वाढवतो आणि थडथड तशीच राहते.

आधी यामागचे बळ किती मोठे असते ते पाहू. समजा, इंजिनाचा टॉर्क ५०० न्यूटन मीटर आहे, पहिल्या गियरचे प्रमाण ३.५ आहे आणि डिफरन्शियलचे, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गियरसंचाचेही, ३.५ आहे. या तिन्हींचा गुणाकार केला की मागच्या ॲक्सलवर सुमारे ६,१२५ न्यूटन मीटर टॉर्क येतो. टायरची त्रिज्या ३४ सेंटिमीटर धरली, तर टायर रस्त्याला मागे ढकलू पाहतो तो जोर सुमारे १८,००० न्यूटन, म्हणजे १.८ टन वजनाइतका भरतो. आता १,८०० किलोच्या गाडीत, वेग घेताना वजन मागे सरकल्यावरही, मागच्या दोन चाकांवर साधारण एक ते सव्वा टन भार असतो, आणि कोरड्या रस्त्यावर चांगला टायर आपल्यावरच्या भाराइतकीच पकड जेमतेम देतो. जोर पकडीपेक्षा इतका जास्त असल्यावर टायर घसरणार हे उघड आहे. प्रश्न घसरण्याचा नाही. तो सलग घसरतो की अडखळत, एवढाच आहे.

अडखळण्याचे कारण असे, की टायर आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये बऱ्याच लवचिक वस्तू असतात. टायरची बाजूची भिंत पिळवटते, रबरी बुश दबतात, पत्र्याचे आर्म किंचित वाकतात, ॲक्सल शाफ्टला पीळ बसतो. चाकाने रस्ता घट्ट धरला की या सगळ्यांत स्प्रिंगसारखी ऊर्जा साठत जाते. एका मर्यादेपलीकडे पकड सुटते, आणि घसरणाऱ्या टायरची पकड स्थिर टायरपेक्षा कमी असल्यामुळे साठलेली ऊर्जा एका क्षणात मोकळी होते. सगळे भाग उलट दिशेने परततात, चाकावरचा ताण उतरतो, टायर पुन्हा रस्ता धरतो आणि तेच चक्र नव्याने सुरू होते. खडू फळ्यावर उभा धरून पुढे रेटला की सलग रेघ न येता टिंबांची रांग उमटते, त्यामागेही हेच पकडणे आणि सुटणे असते. गाडीत याला आणखी एका गोष्टीची जोड मिळते: सस्पेन्शनच्या भूमितीमुळे ही पुढे-मागे होणारी हालचाल चाकाला वर-खालीही हलवते, त्यामुळे टायरवरचा भार प्रत्येक फेरीला कमी-जास्त होतो. चाक, ॲक्सल आणि ब्रेक मिळून जे वजन स्प्रिंगच्या खाली असते, त्याची उसळण्याची नैसर्गिक वारंवारताही सेकंदाला दहा ते पंधराच्या आसपासच असते. या दोन लयी जुळल्या की थडथड आपोआप थांबत नाही. उलट वाढत जाते.

म्हणूनच व्हील हॉप सुरू होताच ॲक्सिलरेटरवरून पाय काढणे हा पहिला आणि बिनशर्त नियम आहे. पकड परत येते त्या क्षणी शाफ्टवर बसणारा धक्का इंजिनाच्या सलग टॉर्कपेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि ॲक्सल शाफ्ट, प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागे जोर नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, क्राऊन-पिनियनचे (डिफरन्शियलमधल्या गियरजोडीचे) दाते किंवा डिफरन्शियलचे आवरण तुटते ते याच धक्क्यांनी. हे भाग आपल्याकडे दुकानाच्या फळीवर मिळत नाहीत. बाहेरून मागवायचे, सीमाशुल्क भरायचे आणि तोवर गाडी उभी ठेवायची, असा तो सगळा मामला असतो.

भाग घेण्यापूर्वीची तपासणी

सर्वात स्वस्त उपाय टायरमध्ये असतो आणि नेमका तोच लोक सर्वात शेवटी पाहतात. आपल्या भागातल्या बहुतेक मसल कार वर्षभरात फार कमी चालतात. नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर कडक झालेले असते. टायरच्या भिंतीवर चार आकडी सांकेतिक तारीख असते. त्यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे २३१७ याचा अर्थ २०१७ सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षे ओलांडलेल्या टायरवर सस्पेन्शनची परीक्षा घेणे व्यर्थ आहे, कारण कडक रबर धरते कमी आणि सुटते एकदम. हवेचा दाबही पाहावा. फार कमी दाबाने टायरची भिंत जास्त पिळवटते, फार जास्त दाबाने रस्त्याला टेकणारा भाग लहान होतो, म्हणून आधी उत्पादकाने दिलेल्या आकड्यावर यावे आणि मग एक-दोन पौंडांनी मागेपुढे करून फरक पाहावा.

त्यानंतर गाडी लिफ्टवर घेऊन मागच्या प्रत्येक बुशला टॉमीने (लोखंडी कांबीने) हलवून पाहावे. फाटलेले रबर, धातूच्या नळीपासून सुटलेले रबर, बोल्टच्या भोकाभोवती चमकणारा घासलेला पत्रा, शॉकॲब्सॉर्बरवर तेलाचा ओघळ, ही सगळी लक्षणे थेट दिसतात. खाडीकाठच्या दमट आणि खारट हवेत बोल्ट आतून गंजतात. बाहेरून घट्ट वाटणारा बोल्टही ठरलेल्या टॉर्कवर असेलच असे नाही, म्हणून टॉर्क रेंचने एकेक तपासून घेणे योग्य. दहा वर्षांच्या गाडीत मूळ मापाचे नवे बुश आणि नवे शॉकॲब्सॉर्बर घातल्यावर थडथड बरीच कमी झाली, तर त्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

आणि मग मोबाइलचा उपयोग. हल्लीचे बरेच फोन सेकंदाला २४० चित्रे टिपतात. सेकंदाला दहा वेळा होणाऱ्या हालचालीच्या प्रत्येक फेरीची चोवीस चित्रे मिळतात आणि डोळ्याला जे नुसते थरथरणे वाटते, ते नेमके कोणत्या भागापासून सुरू होते हे उलगडते. फोन किंवा छोटा कॅमेरा गाडीच्या बुडाला पक्का बांधून डिफरन्शियलच्या नाकाकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, किंवा आर्मच्या पुढच्या बुशकडे रोखावा. कोणी माणूस चाकामागे किंवा गाडीखाली असता कामा नये. हे चित्रण सार्वजनिक रस्त्यावर करू नये. पाम बीच रस्ता किंवा ठाणे-बेलापूर रस्ता रात्री मोकळा दिसला तरी तो दुसऱ्या कोणाच्या तरी घरी जाण्याचा रस्ता असतो, आणि मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ रस्त्यावरील शर्यती आणि वेगाच्या चाचण्या यांना मनाई करते. खाजगी, बंदिस्त जागा मालकाच्या परवानगीने मिळवावी किंवा आयोजित ड्रॅग शर्यतीची वाट पाहावी. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती भरलेल्या आहेत.

आपल्या गाडीची मागची रचना कोणती

पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसलेला सलग ॲक्सल, म्हणजे दोन्ही मागची चाके जोडणारा एकच आडवा आस, ही सर्वात जुनी रचना. १९६४ ते १९७३ या काळातली मस्टँग, पहिल्या पिढीची कमारो आणि त्या काळच्या क्रायस्लरच्या बहुतेक गाड्या अशा आहेत. आपल्या जुन्या जीपच्या मालकांनाही ती परिचित आहे. ॲक्सल पाट्यांच्या साधारण मध्यावर यू-बोल्टने आवळलेला असतो. चाक पुढे फिरू लागले की ॲक्सलचे आवरण उलट दिशेने फिरू पाहते, डिफरन्शियलचे नाक वर उचलले जाते आणि पाटा आडव्या इंग्रजी एस अक्षरासारखा मुरडतो. म्हणजे गाडीचे वजन पेलणारी स्प्रिंगच इथे पीळ साठवणारी स्प्रिंगही होते. १९६७ च्या साध्या कमारोला प्रत्येक बाजूला एकच पाटा होता आणि थडथडीसाठी ती चांगलीच ओळखली जात होती. १९६८ साली कमारो बनवणाऱ्या शेवरोलेने दोनपैकी एक शॉकॲब्सॉर्बर ॲक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे बसवला. अशा मांडणीत आवरण फिरू लागले की दोन्ही शॉकॲब्सॉर्बरना हलावेच लागते, त्यामुळे त्या फिरण्याला आवर बसतो. क्रायस्लरने दुसरा मार्ग धरला होता: पाट्याचा ॲक्सलपुढचा भाग आखूड आणि ताठ, मागचा लांब आणि मऊ. ताठ पुढचा भाग मुरडायला सहज तयार होत नाही.

या गाड्यांत उपाय याच तत्त्वांवर चालतो. पाट्याच्या पुढच्या भागाला क्लॅम्प घट्ट लावणे, पाट्याच्या टोकाच्या वेटोळ्यातले, म्हणजे डोळ्यातले, झिजलेले बुश बदलणे आणि थकलेला पाटासंच नव्याने घडवून घेणे हे पहिले. त्यानंतर ट्रॅक्शन बार येतो: ॲक्सलखालून पुढे जाणारा ताठ दांडा, ज्याच्या टोकाचे रबर, आवरण फिरू लागताच, पाट्याच्या पुढच्या डोळ्याखाली टेकते आणि मुरड थांबवते. कॅलट्रॅक्स नावाची प्रणाली याच्याही पुढे जाते. तीत आवरणाच्या फिरण्याचे रूपांतर पाट्याचा पुढचा भाग खाली दाबणाऱ्या जोरात होते आणि टायर रस्त्यावर अधिक घट्ट बसतो. गाडी खाली घेण्यासाठी ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये जाड ठोकळे घातलेले असतील, तर ते आधी काढावेत, कारण त्यांनी पाट्यावरची तरफ लांबते आणि मुरड वाढते.

चार आर्मवर आणि कॉइल स्प्रिंगवर बसलेला सलग ॲक्सल ही दुसरी रचना: १९६४ ते १९७२ ची शेवेल आणि पाँटिअॅक जीटीओ, तसेच १९७९ ते २००४ पर्यंतच्या बहुतेक मस्टँग. दोन आर्म खाली, दोन तिरके आर्म वर. मूळ आर्म पत्र्याचे, खालून उघडे आणि बुश मऊ असतात. खालच्या आर्मच्या जागी चौकोनी नळीचे बंद आर्म घातले की फरक लगेच जाणवतो. मात्र इथे एक मोठा सापळा आहे. गाडी वळणात झुकते तेव्हा वरच्या तिरक्या आर्मना बुशमध्येच थोडे पिळावे लागते. तिथे दोन्ही टोकांना कडक पॉलियुरेथेन घातले तर ॲक्सल अडकतो आणि वळणात मागची पकड अनपेक्षितपणे, एकदम सुटते. पावसाळ्यात ओल्या उड्डाणपुलाच्या वळणावर हा धोका थडथडीपेक्षा गंभीर आहे. म्हणून खालचे आर्म कडक करावेत आणि वरच्या आर्मना रबर किंवा फिरता गोलाकार सांधा ठेवावा, हे मला या रचनेतले सर्वात महत्त्वाचे सूत्र वाटते. ऐंशीच्या दशकात फोर्डने या मस्टँगच्या ताकदवान आवृत्त्यांना ॲक्सलवर दोन आडवे डॅम्पर जास्तीचे दिले होते. ते झिजलेले असतील तर बदलणे हा सोपा आणि निर्धोक उपाय आहे.

१९८२ ते २००२ च्या कमारोमध्ये डिफरन्शियलपासून गिअरबॉक्सच्या शेपटीपर्यंत जाणारा एक लांब टॉर्क आर्म असतो, आणि त्याच्या पुढच्या टोकाचे माउंटिंग हे तिथले दुखणे असते. २००५ ते २०१४ च्या मस्टँगमध्ये खाली दोन आणि वर मध्यभागी एकच आर्म आहे. आवरणाचा सगळा पीळ त्या एकट्या वरच्या आर्मवर येतो, पण तो कडक केला की डिफरन्शियलच्या दात्यांचा सूर थेट आसनापर्यंत पोहोचतो. त्यामुळे आधी खालचे आर्म बदलावेत आणि थडथड उरलीच तर वरच्याला हात लावावा.

आर्मचा कोन का महत्त्वाचा

गाडी खाली घेतल्यावर व्हील हॉप सुरू झाल्याच्या तक्रारी बऱ्याच ऐकू येतात, आणि त्यामागे भूमिती आहे. गाडीकडे बाजूने पाहून वरच्या आणि खालच्या आर्मच्या रेषा मनात पुढे वाढवाव्यात. त्या जिथे मिळतात त्या बिंदूभोवती ॲक्सल फिरतो असे समजता येते. मागचा टायर रस्त्याला टेकतो तिथून या बिंदूकडे रेषा काढली, तर ती जितकी चढती तितका चाकाचा जोर गाडीची मागची बाजू उचलून धरतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने टायर खाली दाबला जातो. हीच रेषा पुढच्या चाकांच्या वर पोहोचते तेव्हा गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीइतकी असेल, तर त्या स्थितीला शंभर टक्के अँटी-स्क्वाट म्हणतात.

गाडी खाली घेतली की खालच्या आर्मचे पुढचे टोक सांगाड्याबरोबर खाली जाते, पण मागचे टोक ॲक्सलवर असल्याने आपल्या जागीच राहते. आर्म पुढे उतरता होतो, रेषा चपटी होते आणि टायर दाबणारा जोर कमी पडतो. यावरचा उपाय म्हणजे ॲक्सलच्या बाजूचे भोक खाली नेणारे ब्रॅकेट, ज्यामुळे आर्म पुन्हा सपाट किंवा किंचित पुढे चढता होतो. पण हा उपाय बेताने करावा. अँटी-स्क्वाट फार वाढवला तर जोरात ब्रेक लावताना मागची चाके उसळू लागतात, आणि ती उसळी अधिक वाईट, कारण ती नेमकी संकटाच्या क्षणी येते. शिवाय हे ब्रॅकेट जमिनीच्या जवळ लोंबतात. आपल्या सोसायट्यांचे गतिरोधक आणि पार्किंगच्या उतारांचे कोन लक्षात घेता, सर्वात खालच्या भोकात आर्म बसवण्यापूर्वी जमिनीपासूनचे अंतर मोजून घ्यावे. खरे सांगायचे तर ठाण्यात वापरायची गाडी मूळ उंचीवर परत आणणे हाच बरेचदा सर्वात शहाणपणाचा उपाय ठरतो.

सलग ॲक्सलच्या गाडीत पिनियनचा कोनही पाहावा लागतो. जोर आला की नाक वर जाते, म्हणून उभ्या गाडीत ते प्रोपेलर शाफ्टच्या तुलनेत थोडे खाली ठेवतात: कडक आर्मच्या गाडीत एक-दोन अंश, पाट्यांच्या गाडीत त्याहून अधिक. आर्म बदलल्यावर हा कोन मोजला नाही, तर थडथड जाऊन त्या जागी वेगातली घरघर येते.

स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाड्या, म्हणजे आपल्याकडे बहुधा मस्टँग जीटी

भारतात विकली गेलेली मस्टँग जीटी ही सहाव्या पिढीची गाडी. हीच मस्टँगची पहिली पिढी, जी कारखान्यातूनच उजव्या बाजूच्या स्टिअरिंगसह मिळू लागली. आपल्याकडच्या गाडीचे पाच लिटरचे इंजिन सुमारे ४०० अश्वशक्ती आणि ५१५ न्यूटन मीटर टॉर्क देते. तिच्या मागच्या चाकांना सलग ॲक्सल नाही. दोन्ही चाके स्वतंत्र आहेत. २००८ ते २०२३ ची डॉज चॅलेंजर आणि २०१० नंतरची कमारो यांच्यातही मागचे सस्पेन्शन स्वतंत्रच आहे. तेव्हा पाट्यांच्या किंवा चार आर्मच्या गाडीचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू करणे चुकीचे ठरते.

फरक असा आहे. सलग ॲक्सलमध्ये पिळाची प्रतिक्रिया ॲक्सलच्या आवरणावर येते. स्वतंत्र रचनेत डिफरन्शियल हे सबफ्रेमला (सांगाड्याखालच्या वेगळ्या चौकटीला) बुशच्या साहाय्याने जोडलेले असते, सबफ्रेम गाडीच्या सांगाड्याला चार मोठ्या बुशवर टांगलेली असते, आणि चाकांकडे दोन शाफ्ट जातात. मागे सांगितलेला ६,००० न्यूटन मीटरचा पीळ डिफरन्शियलच्या बुशवर येतो, तर चाकाने रस्त्याला दिलेला धक्का हबमधून आर्ममध्ये, आर्ममधून सबफ्रेममध्ये आणि तिथून सांगाड्यात जातो. या मार्गातला प्रत्येक रबरी तुकडा थोडा दबतो. प्रत्येकाचे दबणे लहान, पण बेरीज मोठी. आणि चाक पुढे-मागे हलले की त्याचा टो कोनही (वरून पाहता चाक आत-बाहेर वळलेले असण्याचा कोन) हलतो, त्यामुळे थडथडीबरोबर गाडीची शेपूट डावी-उजवीकडे जाऊ लागते. १९९९ पासून काही मस्टँग कोब्रांमध्ये सलग ॲक्सलच्या जागी स्वतंत्र सस्पेन्शन बसवले गेले, तेव्हा व्हील हॉप इतका त्रासदायक ठरला की ड्रॅग शर्यतीच्या अनेक शौकिनांनी पुन्हा सलग ॲक्सल बसवून घेतला.

सहाव्या पिढीच्या मस्टँगमध्ये माझ्या मते सुरुवात सबफ्रेमच्या बुशपासून करावी. मूळ बुशमध्ये आराम वाढवण्यासाठी मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात; त्या पोकळ्या भरणारे आणि बुशची हालचाल रोखणारे तुकडे मिळतात. त्यासाठी मूळ बुश दाबयंत्राने काढावे लागत नाही, भाग तुलनेने स्वस्त असतो, आवाज थोडाच वाढतो, आणि नको वाटले तर तो काढून गाडी पूर्ववत करता येते. यानंतर थडथड उरली तर डिफरन्शियलच्या बुशचे तुकडे घ्यावेत. इथे मात्र दात्यांचा सूर स्पष्टपणे आत येऊ लागतो. तिसऱ्या टप्प्यात उभी लिंक आणि टो लिंक यांचे रबर बदलून कडक सांधे बसवता येतात. संपूर्ण ॲल्युमिनियमचे सबफ्रेम बुश हा शेवटचा टप्पा आहे आणि रोजच्या वापराच्या गाडीत मी त्याची शिफारस करणार नाही, कारण रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्यातून थेट सांगाड्यात उतरतो.

गाडी बनवणारे अभियंतेही या प्रश्नाशी झगडले आहेत. २००९ च्या कॅडिलॅक सीटीएस-व्ही मध्ये जनरल मोटर्सने डाव्या आणि उजव्या चाकाचे शाफ्ट मुद्दाम वेगवेगळ्या जाडीचे दिले. जाड शाफ्ट कमी पिळतो, बारीक शाफ्ट जास्त. त्यामुळे दोन्ही चाकांची लय एक होत नाही आणि थडथड एकमेकांना बळ देत वाढत नाही. बाजारातले काही पर्यायी शाफ्ट याच तत्त्वावर चालतात, पण ते महाग असतात, म्हणून बुश आणि शॉकॲब्सॉर्बरचे काम पूर्ण झाल्यावरच त्यांचा विचार करावा. शॉकॲब्सॉर्बरबद्दलही अपेक्षा नेमकी हवी: चांगला शॉकॲब्सॉर्बर उसळी लवकर शमवतो, पण पीळ जिथे साठतो तो बुश मऊच राहिला तर दोषाचे मूळ तसेच राहते.

आपल्या रस्त्यांसाठी साहित्य कोणते

रबर आवाज आणि धक्के खाते आणि सर्व दिशांना थोडे पिळते, पण दबते. पॉलियुरेथेन कमी दबते, मात्र त्याला सिलिकॉनचे ग्रीस नियमित लागते, नाहीतर ते कुरकुरते. डेल्रिन नावाचे प्लास्टिक त्याहून कडक. धातूचा गोलाकार सांधा जवळपास दबतच नाही आणि सगळीकडे फिरतो, म्हणून शर्यतीच्या गाडीत तो उत्तम. परंतु घोडबंदर रस्त्यावर चालू असलेल्या बांधकामांची धूळ आणि त्यावर चार महिन्यांचा पाऊस, यांत उघडा सांधा फार टिकत नाही. आत रेती जाते, खोबण घासते आणि सांधा खडखडू लागतो. तो घ्यायचाच असेल, तर रबरी टोपी आणि ग्रीस निपल असलेला घ्यावा आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर ग्रीस भरावे. ज्या गाडीने रोज ऐरोली किंवा वाशीची खाडी ओलांडून कामाला जायचे आहे, तिच्यासाठी रबराच्या पोकळ्या भरणे किंवा कडक रबर वापरणे मला सर्वात योग्य वाटते.

वागळे इस्टेटमध्ये किंवा तुर्भे, रबाळे, महापे इथल्या औद्योगिक वसाहतीत उत्तम लेथकाम करणारे कारागीर आहेत, आणि मापाप्रमाणे बुश किंवा मधली नळी कातून घेणे तिथे सहज शक्य आहे. बुशपुरते हे ठीक. संपूर्ण आर्म मात्र नळी कापून आणि वेल्ड करून बनवून घेण्याच्या फंदात पडू नये, जोपर्यंत नळीचा दर्जा ठाऊक नाही आणि वेल्डची तपासणी करणारे कोणी नाही. खालच्या आर्मचा वेल्ड सुटला तर मागचे चाक गाडीखाली वळते. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ रचनेपासून बदलतील असे फेरफार करू देत नाही. बुश किंवा शॉकॲब्सॉर्बर बदलल्याने ते तपशील बदलत नाहीत. सांगाड्याला काही कापायचे किंवा जोडायचे असेल, तर आधी परिवहन कार्यालयात विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे.

काम एका वेळी एकच भाग बदलून करावे आणि प्रत्येक बदलानंतर त्याच जागी, त्याच दाबाच्या टायरवर, पुन्हा तसेच चित्रण करावे. रबरी बुश असलेल्या आर्मचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना अखेरचे आवळू नयेत; चाकांवर वजन येऊन गाडी आपल्या नेहमीच्या उंचीला बसली की मगच आवळावेत, नाहीतर रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि काही महिन्यांत फाटते. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत सबफ्रेम किंवा लिंकला हात लागला असेल, तर मागच्या चाकांचे टो आणि कँबर (चाकाचा उभा कल) पुन्हा जुळवून घ्यावेत. ते करणाऱ्याकडे मागच्या चाकांचेही माप घेणारे यंत्र आहे ना, हे आधी विचारून घ्यावे. पाट्यांच्या गाडीत नवे यू-बोल्ट सुरुवातीच्या काही दिवसांत थोडे सैल होतात, म्हणून पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर ते टॉर्क रेंचने पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.